वहीच्या पहिल्या पानावर काय लिहाल?

घरात जुन्या कॅसेट असतील तर आज बाहेर काढा. माझ्याकडे तीन निघाल्या. तिन्हींवर एकच शब्द: 'आजी'. भावाच्या ओव्या कुठल्या, पंढरीच्या कुठल्या, सोळा सोमवारची कहाणी कुठे, काही पत्ता नाही. एक ओवी शोधण्यात रविवारची दुपार गेली. वर फीत गुंतली ती पेन्सिल घालून गुंडाळत बसलो. आता आपण मोबाइलवर आवाज धरतो, पण फाइलला नाव असतं नुसती तारीख. रोग तोच.

म्हणून सांगतो, जमवलंत ते चांगलंच केलंत, आता त्याची विषयवार सूची करा.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून जात्यावरच्या १ लाखावर ओव्या जमवल्या. त्या आज आपल्या कामी येतात, कारण त्यांनी त्या विषयांत लावून ठेवल्या. साने गुरुजींनीही 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या विषयवारच मांडल्या. आपल्याला लाखाचं ओझं नाही, पन्नास ओव्यांना शंभरपानी वही पुरते.

विषय आधी ठरवू नका. ओव्या उतरवून घ्या, मग दोनदा वाचा. भाऊ, लेक, माहेर, सासुरवास, पाऊसपाणी हे आपोआप वर येतं. अडचण पुढे येते. भाऊ पंढरीहून बहिणीला बांगड्या आणतो, ही ओवी भावाखाली की विठ्ठलाखाली? दोन्हीकडे नोंदवा. सीतेच्या वनवासाची ओवी 'देवादिक'मध्ये टाकून मोकळे होऊ नका. दळणारी बाई सीतेच्या आडून बहुधा स्वतःचंच सांगत असते, म्हणून ती सासुरवासातही हवी. आणि 'व्हता'चं 'होता' करू नका. सासूला बोल लावणारी ओवी तर मुळीच गाळू नका, मग ती सासू आपली पणजी का असेना!

गोष्टींचं थोडं वेगळं. तिथे पात्रं फसवतात. लेकीकडे जाऊन जाड होऊन येते, मग खा, असं वाघाला सांगून निसटणारी आणि परतताना भोपळ्यात बसणारी आपली म्हातारी. बंगालात अशीच कुबडी म्हातारी लाऊच्या, म्हणजे दुधीच्या, खोळीत बसून येते. पंजाबात कोकरू ढोलात बसतं. पात्रं निराळी, युक्ती एक. फिनलंडच्या आंटी आर्ने यांनी १९१० साली अशा कथांच्या प्रकारांना क्रमांक दिले, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्प्सन यांनी ते वाढवले. 'जाड होऊ दे, मग खा' या युक्तीचा क्रमांक १२२ एफ. तुम्ही क्रमांक नका देऊ, पण गोष्टीच्या नावाखाली युक्ती एका ओळीत लिहा. तुमच्या गावातली म्हातारी भोपळ्याऐवजी दुसऱ्याच कशात बसत असेल, तर तेही लिहा. ती चूक नव्हे, तोच खरा ऐवज.

कॅसेट वाजवणारं यंत्र शेजारीपाजारी कुणाकडे तरी अजून असेल, या आठवड्यात मागून आणा. आणि वहीच्या पहिल्या पानावर नुसतं 'आजी' लिहू नका. तिचं पूर्ण नाव लिहा, माहेरच्या गावासकट.