सैतान : देवाचा शत्रू की दरबारातला वकील?

'काय सैतान पोर आहे!' असे आपण सहज म्हणून जातो. मराठीत रुळलेला हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला. हिब्रू भाषेत त्याचाच भाऊबंद आहे 'सातान'. त्याचा अर्थ विरोध करणारा, आडवा येणारा. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांत हा सैतान आहे; पण दोन्हीकडे त्याची ओळख एक नाही.

ज्यूंच्या धर्मग्रंथात 'सातान' हे मुळात कोणाचे नाव नाही, ते एक काम आहे. बलामाची कथा पाहा. तो गाढवीवर बसून निघालेला असतो आणि देवाचा दूत उपसलेली तलवार घेऊन त्याची वाट अडवतो. या दूतासाठी ग्रंथाने 'सातान' हाच शब्द वापरला आहे!

ईयोबाच्या कथेत हे काम अधिक स्पष्ट होते. देवाच्या दरबारात दूत जमतात, त्यांत सातानही असतो. देव ईयोबाच्या सज्जनपणाचे कौतुक करतो. सातानाची शंका अशी, की सगळे काही मिळालेले असताना भक्ती करण्यात विशेष ते काय? सुख गेल्यावर ती टिकेल का? देव परीक्षेची परवानगी देतो, पण ईयोबाच्या जिवाला हात लावायचा नाही, अशी मर्यादाही घालतो. ईयोबाची गुरे जातात, मुले जातात, अंगावर फोड उठतात. सातान निर्दय खरा, पण बंडखोर नव्हे. सरकारी वकिलासारखा तो आरोप ठेवतो. हुकूम मात्र देवाचाच चालतो.

मग देवाविरुद्ध उभा ठाकलेला सैतान आला कोठून? इसवी सनाच्या आधीच्या दोन-तीन शतकांत काही ज्यू लेखनात स्वर्गातून पतन पावलेल्या दूतांच्या कथा आल्या. पुढे ज्यू धर्मगुरूंच्या मुख्य परंपरेने त्यांना फारसे महत्त्व दिले नाही. ख्रिस्ती धर्मात मात्र त्या कल्पना रुजल्या. नव्या करारात सैतान येशूला रानात मोहात पाडू पाहतो. शेवटच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकात तो स्वर्गातून खाली टाकलेला 'जुना साप' ठरतो. म्हणून एदेन बागेतला साप म्हणजे सैतानच, असे ख्रिस्ती मन मानते. उत्पत्तीच्या मूळ कथेत मात्र तो नुसता साप आहे. 'ल्युसिफर' हे नावही असेच. यशयाच्या पुस्तकात बाबेलच्या राजाला उद्देशून आलेल्या 'पहाटताऱ्या'चे ते लॅटिन भाषांतर आहे. १६६७ मध्ये मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याने हा बंडखोर दूत घराघरांत पोहोचवला.

फरक केवळ कथांचा नाही. माणूस चुकतो तेव्हा दोष कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. ज्यू परंपरा म्हणते, माणसाच्या मनात दोन ओढी असतात, एक चांगली आणि एक वाईट. सातान, वाईट ओढ आणि मृत्यूचा दूत हे तिन्ही एकच, असे ताल्मुदमध्ये रेश लाकीश या गुरूंचे मत आहे. गंमत म्हणजे ही वाईट ओढही निरुपयोगी नाही. ती नसती तर माणसाने घर बांधले नसते, लग्न केले नसते, व्यापारउदीम केला नसता, असे जुने गुरू सांगतात. तिला मारायचे नाही, लगाम घालायचा. चूक झाली तर पश्चात्ताप करून मागे फिरायचे. कोकणातले बेने इस्राएल ज्याला 'नव्याचा सण' म्हणत आले, त्या नववर्षदिनी मेंढ्याचे शिंग फुंकतात. त्या आवाजाने आरोप ठेवणारा सातान गोंधळून जातो, असेही ताल्मुद म्हणतो.

ख्रिस्ती धर्मही माणसाला जबाबदारीतून मोकळे करत नाही, किंवा सैतानाला देवाच्या बरोबरीचा मानत नाही. पण पापाच्या पकडीतून माणूस स्वबळावर सुटत नाही, ही त्याची श्रद्धा आहे. सैतानावरचा विजय ख्रिस्ताचा. म्हणूनच अनेक पंथांत बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाचा त्याग जाहीरपणे उच्चारला जातो. संकटात एकट्याने झुंजावे लागत नाही, हा दिलासा त्यातून कोट्यवधींना मिळतो.

या कल्पनेची एक काळी बाजूही इतिहासाने पाहिली. मध्ययुगीन युरोपात ज्यूंनाच सैतानाचे साथीदार ठरवण्यात आले. चित्रांत त्यांना शिंगे काढली गेली, विहिरींत विष कालवल्याचे आळ घेतले गेले आणि वस्त्याच्या वस्त्या जाळण्यात आल्या. ज्या समाजाच्या धर्मात देवाशी लढणारा सैतान जवळजवळ नव्हताच, त्याच्याच माथी तो मारला गेला! १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ज्यूंना शापित किंवा देवाने टाकलेले समजू नये, असे जाहीर केले आणि ज्यूद्वेषाबद्दल खेद व्यक्त केला.

सैतानाला मनातला मोह माना किंवा बाहेरचा शत्रू. शेजाऱ्याच्या चेहऱ्यात तो दिसू लागला, की दोन्ही धर्मांची शिकवण हरते.