शिलकी अंदाजपत्रकांची दिवाळखोरी

महापालिकांची अंदाजपत्रके कधीही तुटीची नसतात. कायद्याने वर्षअखेर किमान शिल्लक दाखवणे बंधनकारक असल्याने कागदावर ती दाखवली जाते. २०२५-२६ साठी ठाणे महापालिकेने सुमारे ५,६४५ कोटींचे, तर कल्याण-डोंबिवलीने सुमारे ३,३६१ कोटींचे अंदाजपत्रक मांडले. हे आकडे वाचून या नगरांत सुबत्ता नांदत असावी असा कुणाचाही समज होईल. मग ठेकेदारांची देयके का तुंबतात आणि प्रत्येक मोठ्या कामासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या का झिजवाव्या लागतात?

याचे उत्तर जमेच्या बाजूत दडलेले आहे. खर्चाची यादी आधी ठरते आणि तिच्या मापाने उत्पन्न फुगवले जाते. मालमत्ता कराची थकबाकी वसूल होईल, बांधकाम परवानग्यांतून अमुक कोटी येतील, शासन तमुक अनुदान देईल, अशी गृहीतके धरून कामांना मंजुरी मिळते. सुधारित अंदाजात उत्पन्न घसरते. परंतु तोवर कार्यादेश निघालेले असतात. न भागवलेली देयके ‘दायित्व’ या सभ्य नावाने पुढील वर्षाच्या माथी मारली जातात. घरातील कर्ता पुरुष असा हिशेब ठेवू लागला, तर वाणीही उधार देणार नाही!

जकात होती तेव्हा तिच्यात चोऱ्या होत्या, नाक्यांवर भ्रष्टाचार होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो पैसा नगराचा स्वतःचा होता. जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि महापालिका राज्याच्या भरपाईवर विसंबून राहिल्या. उद्योग-व्यापाराला हे हिताचे ठरले. मात्र स्वराज्य संस्थांतील ‘स्व’ क्षीण झाला. आर्थिक स्वायत्तता नसलेले स्वराज्य म्हणजे ताम्रपट हाती आणि जमीन दुसऱ्याची!

उरले मालमत्ता कर आणि विकास शुल्क. त्यांना अनधिकृत बांधकामांनी पोखरले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या अग्यार समितीसमोर कल्याण-डोंबिवलीतील ६७,९२० बेकायदा बांधकामांची नोंद आली. हा अहवाल २००९ चा आहे. तो धूळ खात पडला. पुढे बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती उघड झाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. अशी इमारत विकास शुल्क भरत नाही. पाणी, रस्ता, गटार आणि कचरागाडी मात्र मागते. तिचा भार अधिकृत इमारतीतील करदाता उचलतो, आणि त्या इमारतीत घामाचा पैसा ओतलेले मराठी मध्यमवर्गीय कुटुंबच अखेरीस रस्त्यावर येते. शिळफाट्याच्या लकी कंपाऊंडमध्ये ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेल्या बेकायदा इमारतीने ७४ जीव घेतले. महसुलाच्या गळतीचा हा हिशेब कोणत्या लेखाशीर्षाखाली लिहायचा?

यावर प्रशासनाचा उतारा कोणता? तर अभय योजना! वर्षानुवर्षे कर बुडवणाऱ्याला व्याजमाफी आणि वेळेवर भरणाऱ्याच्या हाती किरकोळ सवलत. प्रामाणिकपणाला दंड करणारी ही नीती अधिक थकबाकीदार घडवते, कारण पुढची अभय योजना येणारच याची खात्री प्रत्येकाला असते.

राजकीय वर्गाने तर नगराला खेळणेच केले. २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत घेतली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली. त्याच वर्षी निवडणुकीच्या तोंडावर साडेसहा हजार कोटींचे पॅकेज घोषित झाले. पॅकेज हा शब्दच मुळात हक्काच्या पैशाला दानाचे रूप देतो. त्यानंतर कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून सभागृहच नव्हते. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे संविधानाचे कलम २४३ (यू) सांगते. मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात आयुक्तच अंदाजपत्रक मांडत आणि प्रशासक म्हणून तेच ते संमत करत.

तथापि सारा दोष सत्ताधाऱ्यांच्या पदरी टाकून सुशिक्षित समाजाची सुटका होत नाही. १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रेचा प्रारंभ करून डोंबिवलीने देशोदेशीच्या मराठी माणसाला एक परंपरा दिली. पदरमोड करून, पहाटे उठून, पावती-पावतीचा हिशेब चोख ठेवून ती यात्रा समाजाने उभी केली. त्याच समाजातील बँक अधिकारी, सनदी लेखापाल आणि अभियंते आपल्या नगराचे अंदाजपत्रक मात्र उघडूनही पाहत नाहीत. सांस्कृतिक नगरी ही बिरुदावली मिरवायची आणि नगराची तिजोरी कंत्राटदारांच्या भरवशावर सोडायची, ही विसंगती आहे.

नव्या सभागृहाकडे मागण्या तीनच असाव्यात : गेल्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वसुलीवरच जमेची बाजू बेतावी, एकूण दायित्वाचा आकडा अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर छापावा, आणि बेकायदा इमारत उभी राहताना डोळे मिटणाऱ्या अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी निश्चित करावी. प्रभागाप्रभागांतून दहा जाणकार नागरिकांनी हिशेब वाचायला बसावे. निधी आणण्याच्या बढाया मारणाऱ्या नगरसेवकाला त्यांनी एवढेच विचारावे, की नगराचा स्वतःचा पैसा गेला कुठे?