आशाताईची पिशवी आणि १९३८ चा ठराव

कुणाला किती मुले असावीत, यावर पुन्हा भाषणे सुरू झाली आहेत. १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी तीन अपत्यांची गरज सांगितली. त्याआधी आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूही जास्त मुलांच्या बाजूने बोलले होते. इकडे महाराष्ट्रात तिसरे अपत्य झाले की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. या सगळ्यात बाळंतपण जिला सोसायचे आहे, तिला कुणी विचारलेले नाही.

बाबासाहेबांनी सुरुवातच तिच्यापासून केली होती. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि लोकांना त्याची पुरेशी सोय करून द्यावी, ही मागणी होती. मूल हवे की नको, हे बाईच्या इच्छेवर असावे, ही भूमिका त्या भाषणात होती. ठराव फेटाळला गेला.

त्या मागणीतली ‘सोय’ आज खेड्यात आशाताईच्या पिशवीत आहे. २०११ मध्ये केंद्राने साधने घरपोच देण्याची योजना सुरू केली. एक रुपयात तीन निरोध, एक रुपयात महिन्याच्या गोळ्यांचे पाकीट आणि दोन रुपयांत तातडीची गोळी, असा दर ठरला. २०१७ मध्ये दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ ही आठवड्याची गोळी सरकारी दवाखान्यांत येऊ लागली. तांबी आधीपासून होतीच. म्हणजे पाळणा लांबवायला आज चार-पाच मार्ग आहेत.

प्रत्यक्षात वापरला जातो तो बहुतेक एकच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के आहे. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आहे. लवकर लग्न, पाठोपाठ दोन मुले आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, हा क्रम आपल्या वस्त्यांनाही नवा नाही. पाळणा लांबवण्याचा टप्पाच मधून गळून गेला आहे.

त्याची किंमत कोण मोजतो? नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात शिबिरातील नसबंदीनंतर १३ स्त्रिया दगावल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावले. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशय काढणे आणि संततिनियमन या वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. पण दवाखाना दूर, पुरुषाची साथ नाही आणि कामावर खाडा परवडत नाही, अशा बाईपुढे दोन्हीकडे शस्त्रक्रियाच उरते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. आशाताईची यादी गावातच राहते आणि बाई फडावर जाते.

आशाताईला दोष देऊन चालणार नाही. सरकार तिला कर्मचारी मानत नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला देते. त्यासाठी २०२३-२४ मध्ये राज्यातल्या हजारो आशांना संप करावा लागला, आझाद मैदानात बसावे लागले. ऑपरेशनला बाई नेली की नोंद होते, पैसे मिळतात. पण एखादी सून सासूच्या धाकाने तीनदा नाही म्हणते आणि चौथ्यांदा हळूच गोळी मागते, तेव्हा आधीच्या तीन फेऱ्यांचा हिशेब कुठल्याच तक्त्यात बसत नाही. खरे काम त्या फेऱ्यांमध्येच झालेले असते. म्हणून आशांच्या वेतनाची लढाई गावातल्या प्रत्येक बाईची आहे, असे आम्ही मानतो.

आपण काय करायचे? वर्षावासात विहारात आशाताईला बोलवा आणि त्या दिवशी पुरुषांना पुढच्या रांगेत बसवा. बिनटाक्याची पुरुष नसबंदी छोटी आणि तुलनेने सोपी असते, तिने पुरुषत्व जात नाही, हे तरुणांनी आपल्या वडीलधाऱ्यांसमोर मोकळेपणाने बोलावे. मंगल परिणय लावण्याआधी मुलीचे वय तपासा. उपकेंद्रात निरोध, गोळ्या आणि अंतरा शिल्लक आहे का, हे ग्रामसभेत विचारा. वस्तीतली कुटुंबे ऊसतोडीला निघणार असतील, तर निघण्याआधी त्यांना पुरेल इतका साठा मिळावा, अशी लेखी मागणी करा.

रमाईंनी पाचपैकी चार लेकरे गमावली. ते दुःख घरात सोसलेल्या माणसाने १९३८ मध्ये ती मागणी केली होती. सभागृहाने तेव्हा ती नाकारली. आज पिशवी दारापर्यंत आली आहे. त्यातले काय घ्यायचे आणि कधी घ्यायचे, हे घरातल्या बाईला ठरवता येते का, एवढे प्रत्येकाने आधी आपल्या घरात पाहावे.

जय भीम!