सात दहाच्या बातम्या वाचल्या, पुढे काय?

आकाशवाणीच्या कुठल्याही प्राथमिक केंद्राचा एक दिवस घ्यावा, त्यातली गाणी, भजनं आणि जाहिराती बाजूला काढाव्यात आणि नुसतं बोलणं शिल्लक ठेवावं. सकाळचं चिंतन, पाच मिनिटांचा आरोग्यसल्ला, सात दहाला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, आठला दिल्लीच्या हिंदी आणि सव्वाआठला इंग्रजी बातम्या, दुपारी महिलांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतीचा, मग युववाणी, रात्री एखादं भाषण किंवा मुलाखत. ऑक्टोबर २०१४ पासून त्यात पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ची भर पडली आहे. केंद्रागणिक वेळा आणि नावं बदलतात, सांगाडा साधारण हाच. आता या प्रत्येक कार्यक्रमापुढे दोन रकाने आखावेत. पहिल्यात लिहावं, हे बोलणं कुठल्या गावात झालं. दुसऱ्यात लिहावं, ऐकणाऱ्याला उलट बोलायची काही सोय होती का. आजऱ्यात बसून हा तक्ता भरला तर पहिल्या रकान्यात सर्वांत जवळचं नाव कोल्हापूरचं येतं, तेही ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवरचं. बाकी पुणे, मुंबई, दिल्ली. दुसरा रकाना बहुतेक कोराच राहतो. माझं म्हणणं असं की सार्वजनिक रेडिओ टिकवायचा तो या दुसऱ्या रकान्यासाठी. गाण्यांसाठी आकाशवाणीवाचून कुणाचं अडत नाही, बातम्यांसाठीही आता फारसं अडत नाही. श्रोत्याच्या तालुक्यात जाऊन, त्याला विचारून, त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळवून देणारं बोलणं मात्र दुसरं कुणी नेमानं करत नाही. आणि काटकसरीची कात्री सर्वांत आधी तिथंच चालते.

जून २०२३ मध्ये काय घडलं ते आठवावं. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग १९ जूनपासून बंद करायचा आणि तिथली बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरकडे सोपवायची असं ठरलं. सुधा नरवणे यांच्या आवाजावर ज्यांची सकाळ सुरू होत असे ती पिढी खवळली, पत्रकार संघटना बोलल्या, सर्व पक्षांचे पुढारी बोलले आणि काही दिवसांतच केंद्रीय माहिती व प्रसारणमंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. सात दहाच्या बातम्या वाचल्या, चांगलंच झालं. पण हे भांडण ज्या गोष्टीसाठी झालं ती दहा मिनिटांची, एकाच बाजूनं बोलणारी आणि राज्यभर सारखीच ऐकू जाणारी होती. जिल्हा केंद्रांवरचे तासन्‌तास कार्यक्रम गेल्या काही वर्षांत ‘सहक्षेपित’ या शब्दाखाली दुसऱ्या केंद्रांकडे गेले, त्यासाठी कुणी निवेदन दिल्याचं दिसत नाही. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये बीबीसीच्या स्थानिक रेडिओचे पत्रकार संपावर गेले होते. तिथं तक्रार नेमकी हीच होती. इंग्लंडमधल्या ३९ स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे बरेच कार्यक्रम शेजारच्या केंद्रांनी वाटून घ्यायचे, असं बीबीसीनं ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं होतं. गावच्या दुपारच्या गप्पा तीन परगण्यांसाठी मिळून होऊ लागल्या तर त्या कुणाच्याच राहणार नाहीत, असा तिथल्यांचा मुद्दा होता. बीबीसीनं फारसं ऐकलं नाही, हा भाग वेगळा. निदान भांडण योग्य जागी झालं.

उलट बोलायची सोय ही काही हौसेची मागणी नव्हे. तिचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तो जवळपास सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं तेव्हाच्या मुंबई राज्यात एक प्रयोग केला. त्यासाठी निवडलेले पाचही जिल्हे मराठी मुलखातले होते: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळानं त्याच विषयावर बसून चर्चा करायची. निमंत्रकानं चर्चेचा अहवाल आणि गावकऱ्यांचे प्रश्न पुण्याला पाठवायचे, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत द्यायची. मूळ कल्पना कॅनडाची, तिथं शेतकऱ्यांची अशी मंडळं १९४१ पासून चालत होती. इकडच्या प्रयोगाचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं. पॉल न्यूरॅथ यांनी ते काम पाहिलं आणि आकाशवाणीचे जगदीशचंद्र माथुर यांच्यासह त्यांचा अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोनं छापला. त्या अहवालाचं मोल तुलनेत आहे. मंडळ असलेली गावं एका बाजूला; दुसऱ्या बाजूला रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं, आणि रेडिओही नाही अशी गावं. मंडळांच्या गावांत शेती-आरोग्याची जाण ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ किरकोळ होती. म्हणजे तोच कार्यक्रम, तोच आवाज, तोच विषय. फरक पाडला तो नंतरच्या बोलण्यानं आणि पुण्याहून येणाऱ्या उत्तरानं. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली, आणि सरकारी योजनांचं होतं तसंच तिचं झालं: मंडळांची संख्या फुगत गेली, अहवाल वाचायला आणि उत्तरं द्यायला माणसं वाढली नाहीत. प्रश्न पाठवून उत्तर येईना, तेव्हा लोकांनी प्रश्न पाठवणं सोडलं. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात त्या काळात व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणूस नोकरीला होता, याचं आज अप्रूप वाटतं. गावाचं बोलणं कानांनी टिपणारा लेखक शेतीच्या कार्यक्रमाला लावावा, एवढी समज तेव्हाच्या साहेबांना होती.

आता कुणी म्हणेल, कोल्हापूरला केंद्र आहे, १०२.७ वर ते लागतं, आजऱ्याला वेगळं काय हवं? पण कोल्हापूर जिल्हा एकजिनसी नाही. शिरोळ-करवीरच्या बागायतीचा, उसाचा आणि महापुराचा सल्ला आजऱ्याच्या कामाचा नसतो. इथं पाऊस घाटमाथ्याचा. ऊस आहे, गवसेला कारखाना आहे, पण त्याबरोबर भात, नाचणी आणि काजू आहे. आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर त्या नावानं भलताच तांदूळ कोण विकतं, खऱ्या घनसाळाला दर किती मिळतो, ही चर्चा व्हायला हवी. काजूच्या मोहरावर ढेकण्या पडला तर काय करायचं हे त्याच आठवड्यात कळलं तर उपयोग, आणि आफ्रिकेतून येणाऱ्या काजूबीमुळे गावच्या बीचा भाव का पडतो, हे कुणीतरी नीट उलगडून सांगायला हवं. चंदगड-आजऱ्याच्या शिवारात हत्ती उतरतात, नुकसानीचे पंचनामे होतात, भरपाईवरून वाद होतात. उचंगी, आंबेओहोळ, सर्फनाला या प्रकल्पांच्या पुनर्वसनासाठी इथल्या धरणग्रस्तांनी वर्षानुवर्षं लढे दिले. घराघरातला एकजण मुंबईला असतो आणि १९८२ च्या संपानंतर परतलेल्या गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न आजही इथल्या मेळाव्यांत निघतो. त्याच कामगारांसाठी एके काळी मुंबई केंद्र ‘कामगार सभा’ चालवत होतं. यातला एकही विषय राज्यभराच्या बातमीपत्रात दोन ओळींपलीकडे जाणार नाही, आणि जाऊही नये. आकाशवाणीचा जिल्ह्याला एक अंशकालिक वार्ताहर असतो. त्यानं बारा तालुक्यांतून काय काय उचलावं? अर्ध्या तासाच्या संवादात मात्र उत्तूरचा शेतकरी, कृषी विभागाचा अधिकारी आणि काजूप्रक्रिया करणारी बाई एकमेकांशी बोलू शकतात. रेडिओवर बोलणं हे सर्वांत स्वस्त काम आहे. त्याला वाद्यवृंद लागत नाही, नेपथ्य लागत नाही, रेकॉर्डर घेऊन एसटीत बसणारा माणूस लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ऐकतंय कोण? हातात मोबाईल आहे, यूट्यूबवर शेतीच्या हजार वाहिन्या आहेत, गावाचा व्हॉट्सअॅप गट आहे. आक्षेपात तथ्य आहे आणि जुन्या संचाच्या आठवणी काढून त्याला उत्तर मिळत नाही. एफएमच्या लहरी डोंगराआड नीट पोचत नाहीत, मध्यम लहरींचे प्रक्षेपक देशभर एकेक करून बंद होत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एका दिवशी ९१ नव्या एफएम प्रक्षेपकांचं उद्घाटन झालं खरं, पण प्रत्येकी शंभर वॅटचे, म्हणजे आसपासच्या टापूपुरते. प्रक्षेपकासाठी लढणं मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. कार्यक्रम मोबाईलवरच्या अॅपमधून ऐकू आला काय आणि मनोऱ्यावरून आला काय, ऐकणाऱ्याला सारखंच. प्रश्न आहे तो कार्यक्रम करतं कोण याचा. यूट्यूबवर काजूचा सल्ला देणारा रत्नागिरीचा आहे की तमिळनाडूचा, त्याच्यामागे औषधकंपनी आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही, आणि सल्ला चुकला तर त्याला जाब विचारायलाही नाही. व्हॉट्सअॅप गटावर प्रश्न विचारता येतो, पण तिथं तहसीलदार उत्तर द्यायला बांधलेला नसतो. सार्वजनिक रेडिओ अधिकाऱ्याला बोलावू शकतो आणि गेल्या खेपेला काय सांगितलं होतं ते पुढच्या खेपेला ऐकवू शकतो. शिवाय आधी कार्यक्रम काढून घ्यायचा आणि मग श्रोते घटले म्हणून बोट दाखवायचं, हा युक्तिवाद बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्यांबाबतही ऐकायला मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला माझ्यापाशी अर्धंच उत्तर आहे. आकाशवाणी सरकारची, ती कुणाला जाब विचारणार? चंदा समितीनं १९६६ मध्ये स्वायत्तता मागितली, वर्गीज समितीनं १९७८ मध्ये पुन्हा मागितली, कायदा १९९० मध्ये झाला आणि तो लागू व्हायला सप्टेंबर १९९७ उजाडला. त्या कायद्यात सांगितलेलं भरती मंडळ २०२० मध्ये स्थापन झालं. तोवर केंद्रांतले कायमचे कार्यक्रम अधिकारी निवृत्त होत गेले आणि बराचसा गाडा नैमित्तिक निवेदकांच्या जिवावर चालत राहिला. पैसा मंत्रालयातून येतो. आकाशवाणीच्या संहितेत केंद्र किंवा राज्य सरकारवर आकसानं टीका करायला आणि राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करायला मनाई आहे. अशा घरात जिल्ह्याचा अधिकारी दिल्लीच्या अधिकाऱ्यापेक्षाही भित्रा असण्याची शक्यता आहे, हे मान्य करायला हवं. तरीही संहितेतली कुठलीच ओळ ‘आमच्या गावाला पुनर्वसनाची जमीन कधी मिळणार’ हा प्रश्न विचारायला आडवी येत नाही. तो प्रश्न पक्षाचं नाव न घेता विचारता येतो आणि नुसत्या घोषणेनं मिटत नाही. स्थानिक बोलणं आपोआप निर्भय होतं असं मी म्हणत नाही. पण मोघम बोलून सुटका करून घेणं तिथं कठीण जातं, कारण ऐकणाऱ्याला धरणाची भिंत रोज दिसत असते. सरकारी पैशावर अवलंबून राहण्याचा धोका दुसऱ्या टोकालाही असतो. अमेरिकेच्या काँग्रेसनं जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचे मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले, तेव्हा मोठ्या शहरांतल्या केंद्रांना वर्गणीदारांचा आधार होता. संकट ओढवलं ते खेड्यापाड्यांतल्या छोट्या केंद्रांवर. म्हणून आपल्याकडे हा खर्च जिल्हा केंद्राच्या अंदाजपत्रकात वेगळा, नाव घालून मांडलेला असावा. ‘इतर’मध्ये लपलेली रक्कम कापायला सोपी जाते.

सामुदायिक रेडिओनं हे काम करावं, असंही सुचवलं जातं. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालते, बारामतीत शारदा कृषी वाहिनी आहे. दोन्हींचं काम चांगलं आहे. पण दोन्हींमागे भक्कम संस्था उभ्या आहेत. पाठीशी अशी संस्था नसलेल्या तालुक्यांनी काय करायचं? आणि सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. खासगी एफएमवरही तेच बंधन. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्या निकालाला तीस वर्षं उलटून गेली तरी त्या मालमत्तेवर स्थानिक बातमी सांगायचा हक्क सरकारी प्रसारकाकडेच आहे. हक्क राखून ठेवायचा आणि काम मात्र करायचं नाही, हे किती दिवस चालवायचं?

तेव्हा मागणी लहान आहे. कोल्हापूर केंद्रानं आठवड्यातून दोनदा अर्धा तास दक्षिणेच्या चार तालुक्यांना द्यावा: आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड. एक दिवस प्रश्नांचा, गावात जाऊन ध्वनिमुद्रित केलेला, आजऱ्याच्या बाजारात, उत्तूरला, पेरणोलीला, नेसरीला, गारगोटीला. दुसरा दिवस उत्तरांचा, संबंधित अधिकाऱ्याच्या आवाजात. आणि अधिकारी आला नाही तर कुणाला किती वेळा बोलावलं होतं, ते निवेदकानं वाचून दाखवावं. दोन्ही भाग अॅपवर तालुक्याच्या नावानं ठेवावेत. यासाठी नवा मनोरा नको की नवा कायदा. एका कार्यक्रम अधिकाऱ्याची भरलेली जागा हवी, चार तालुक्यांत मानधनावर चार माणसं हवीत, आणि त्या दोन अर्ध्या तासांत मुंबईचं सहक्षेपण लागणार नाही असा लेखी आदेश हवा.