दीडशे युनिटची रेघ आणि घरातला जुना पंखा

पांढुर्णा/सौंसर : उन्हाळा लागला की पांढुर्णा आणि सौंसरमध्ये दोन गोष्टींची चर्चा होते, संत्र्याच्या बागेला पाणी किती पुरेल आणि लाईटचं बिल किती येईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत एकाच आकड्यावर अडलेलं असतं : १५० युनिट.

मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत राहिला तर पहिल्या १०० युनिटला १०० रुपयेच लागतात. ही सवलत २०१९ मध्ये छिंदवाड्याच्याच कमलनाथ यांच्या सरकारने 'इंदिरा गृह ज्योती' नावाने या स्वरूपात आणली. सरकार बदललं, नाव 'अटल गृह ज्योती' झालं, रेघ तिथेच राहिली. १५० च्या आत असेल तर वरच्या ५० युनिटलाच नेहमीचा दर. एक युनिट जरी पुढे गेलं तर पहिल्या युनिटपासून पूर्ण दर. म्हणजे वापर थोडासाच वाढतो, बिल मात्र एकदम काहीशे रुपयांनी उडी मारतं.

आता घरातला हिशेब पाहा. साधा जुना पंखा ७५ वॉटचा. रोज १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. असे तीन पंखे म्हणजे १०८ युनिट, म्हणजे फ्रिज, टीव्ही आणि मोटर धरायच्या आधीच दोन तृतीयांश कोटा संपला. त्यात १८० वॉटचा कूलर दहा तास चालला की आणखी ५४. रेघ तिथेच ओलांडली. तेच तीन पंखे बीएलडीसी, म्हणजे ३० वॉटच्या आसपासचे असते तर १०८ ऐवजी ४३ युनिट लागले असते. वाचलेल्या ६५ युनिटमध्ये अख्खा कूलर बसतो. ज्याचं बिल दरवर्षी मे महिन्यात १६०-१८० वर जातं, त्याच्यासाठी सवलत परत मिळवण्याचा हा सर्वात सोपा रस्ता आहे.

पण हे सांगतं कोण? सध्या सगळा जोर छतावरच्या सोलरवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किलोवॉटला कमाल ७८ हजारांचं अनुदान आहे. योजना वाईट नाही. सौंसरमध्ये ज्याच्याकडे एसी आहे, मोठा स्लॅब आहे आणि घराचे कागद आपल्या नावावर आहेत, त्याने घ्यावीच. मात्र ज्याचं बिल सवलतीत दोन-चारशे येतं, तो उरलेला खर्च खिशातून घालून सोलर का लावेल? टिनाच्या आणि कवेलूच्या घरांचं तर विचारूच नका. भाडेकरू तर या हिशेबातच नाही.

एलईडी बल्बच्या वेळी असं नव्हतं. २०१५ पासून उजाला योजनेत देशात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, किंमत उतरली आणि लोकांनी न सांगता पिवळे बल्ब काढून टाकले. पंख्यांसाठीही केंद्राने २०२३ मध्ये एक कोटी पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला. बीएलडीसी पंखा साध्यापेक्षा महाग आहे, एकदम दोन-तीन घेणं मजुराला जमत नाही. वीज कंपनीने तो बिलातून हप्त्याने दिला तर वाचलेल्या पैशातूनच हप्ता फिटेल. आणि सवलतीतलं प्रत्येक वाचलेलं युनिट म्हणजे तिजोरीवरचा तेवढा भार कमी.

दुसरं काम छताचं. तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडतो, म्हणून कूलर सकाळपर्यंत चालतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं वेगळं धोरणच केलं. इथे निदान मार्चमध्ये स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात आणि कूलरमध्ये नवीन गवत, एवढं तरी होऊ शकतं. चुन्याला अनुदान नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही.

पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये झाला. नवीन जिल्ह्याची कार्यालयं अजून बसत आहेत, उभी होत आहेत. सुरुवात त्यांच्याच पंख्यांपासून आणि छतांपासून केली तर येणाऱ्या-जाणाऱ्यांना फरक डोळ्यांनी दिसेल, आणि नगरपालिकेला घराघरांत पत्रकं वाटत बसावं लागणार नाही.