वंशशुद्धीचा खटला

श्वानांची वंशशुद्धी हा मालकाचा खाजगी शौक होय, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. बुलडॉगच्या पिलाचे डोके मोठे आणि मादीची कटी अरुंद. म्हणून बहुतेक प्रसूती शस्त्रक्रियेनेच होतात. कॅव्हेलियर स्पॅनिअलच्या कवटीत तर मेंदूस पुरती जागाही उरलेली नाही! नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कॅव्हेलियरची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरविली. बुलडॉग 2022 च्या अपिलातच सुटला होता. आमच्याकडे 2017 च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांस नोंदणी सक्तीची केली. पण नोंदणीच्या कागदाने पिलाची नाकपुडी रुंद होत नाही. (स्वर्गद्वारी धर्मराजाने सोबतच्या श्वानाचे कूळ विचारले नव्हते.) परजातीशी संकराची वाट नॉर्वेत मोकळीच आहे. शौकिनांस ती नको. त्यांस दाखल्यावर पणजोबाचे नाव हवे.