परिचय एकतर्फी का?

‘मस्जिद परिचय’ला बिगरमुस्लिम शेजारी येतात, वजूखाना बघतात, मेहराबीबद्दल विचारतात. आपण खूश होऊन फोटो टाकतो. माझा सवाल साधा आहे: आपण त्यांच्याकडे कधी गेलो?

मुंबईचंच बघा. भायखळ्यात मागेन डेविड सिनेगॉगच्या आवारातल्या शाळेत बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. पण शेजारच्या त्या इमारतीत काय चालतं, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं येतात. आपण बसमधून बघून पुढे जातो.

‘ईमान जाईल’ म्हणणाऱ्यांनी सूरह हजची 40वी आयत वाचावी. मठ, चर्च, सिनेगॉग आणि मशिदी यांच्या रक्षणाची गोष्ट तिथे एकत्रच आली आहे. शिवाय मी इबादत करायला जा म्हणत नाही. बघायला, ऐकायला जा म्हणते. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून लंगरच्या पंगतीत बसा. अग्यारीत पारशांखेरीज कुणाला प्रवेश नसतो. तिथे बाहेरूनच अदब राखा. पायरी चढल्यानं डळमळणारं ईमान घरी बसूनही पक्कं होणार नाही.

आपल्याबद्दलचे गैरसमज लोकांनी सोडावेत, ही मागणी रास्तच आहे. मग त्यांच्याबद्दलचे आपले गैरसमज कोण सोडणार?